कातळ्याला शंभरदा उठवताना

सोमवार, ३ मार्च

नवी वही, नवी नोकरी, नवं घर. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जुळून याव्यात असं माझ्या बाबतीत कधी होत नाही, म्हणून लिहून ठेवतेय. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही. भिंगरीचं म्हणणं असं की जन्मभर लोकांच्या चुका काढत आलीस, आता त्यासाठीच कुणीतरी कामावर ठेवलं, म्हणजे निदान दिवसाचे आठ तास माझी सुटका.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी एका जागी ठरायची नाही, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. ती घरी बसून कपडे दुरुस्त करून देते: पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. नव्या घरात गॅस यायच्या आधी तिने शिलाई मशीन खिडकीपाशी मांडलं होतं. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बावन्न पायऱ्या आहेत. भिंगरी डावा पाय ओढत चढते आणि मोठ्याने मोजते. तिसाव्या पायरीनंतर आकडे संपून मला शिव्या सुरू होतात.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. कंपनी व्हिडिओ गेम बनवते. रानावनात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे, असा खेळ आहे. आम्ही आठ टेस्टर. दिवसभर खेळायचं आणि जिथे काही चुकतं ते दोषांच्या यादीत लिहायचं. आमचे प्रमुख जेमतेम पन्नाशीचे असतील, पण केस पांढरे, म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणतात. ते खुर्चीवर स्वतःची उशी घेऊन बसतात आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नाहीत. मला माणूस आवडला.

मंगळवार, ४ मार्च

माझ्या वाट्याला कातळ्या आला. खेळात शंभरावर प्राणी आहेत, ते जिवंत पकडता येतात. कातळ्या पकडता येत नाही, कारण तो कधीचाच मेलाय. खाणीत खणून त्याचे दोन दगड शोधायचे. एकात डोकं, दुसऱ्यात पाठ आणि शेपटी. ते प्रयोगशाळेतल्या यंत्रात ठेवले की तो उठतो. पाय, आवाज, स्वभाव यातलं काहीच दगडात उरलेलं नसतं. ते यंत्र भरतं.

दुसरे प्राणी लढाईत हरले की थोडा आराम करून ताजेतवाने होतात. कातळ्या हरला की पुन्हा दगड. पुन्हा प्रयोगशाळा, पुन्हा उठवणी. मला एकच कातळ्या शंभर वेळा हरवायचाय आणि शंभर वेळा उठवायचाय. शंभराव्या वेळीही तो पहिल्यासारखाच उठतोय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचंय.

आजोबांनी एक गोष्ट बजावून सांगितली. प्राणी उठला की यंत्र त्याचं नाव विचारतं. खेळणारे काय हवं ते ठेवोत, टेस्टरने मात्र आकडा टाकायचा. एक, दोन, तीन. नाव दिलं की माणसाचा जीव जडतो, मग पुसायला हात होत नाही आणि फाईली साठत जातात. मला हसू आलं. मी ज्या घरात वाढले तिथे झाडूलासुद्धा टोपणनाव होतं.

गुरुवार, ६ मार्च

आज नियम मोडला, पण कामासाठी. नाव लिहायच्या चौकटीत अनुस्वार आणि वेलांट्या नीट उमटतात का ते तपासायचं होतं. ते काही आकडे टाकून कळत नाही. पटकन जे सुचलं ते लिहिलं: भिंगरी. उत्तम उमटलं. आणि मी ते खोडायच्या आत खेळाने आपोआप सगळं जतन करून टाकलं.

पुन्हा पहिल्यापासून करायचं तर खाणीत दोन तास खणावं लागतं. म्हणून तोच कातळ्या पुढे चालवायचं ठरवलं. आजोबा येऊन पडद्याकडे बघून गेले. कुणाचं नाव, एवढंच विचारलं. बहिणीचं म्हटल्यावर ओठ मुडपले आणि काम संपलं की लगेच पुसायला सांगितलं.

एक बारीक गोष्ट यादीत टाकली. आकडा दिलेला कातळ्या उठताना पडद्यावर ओळ येते, "दगडात नसलेला भाग साच्यावरून भरत आहे." माझ्या कातळ्याच्या वेळी आलं, "दगडात नसलेला भाग नावावरून भरत आहे." दोन्हींत एकवाक्यता हवी. नावावरून काय भरणार, कपाळ!

घरी सांगितलं तर भिंगरी भलतीच खूश. दिसायला कशी आहे मी, म्हणाली. कुत्रा आणि पाल यांच्या मधलं काहीतरी, पाठीवर खडक, दात बाहेर, असं सांगितलं. मग ती तुझ्यावर गेलीय, म्हणाली.

सोमवार, १० मार्च

अकरा उठवण्या झाल्या. पहिला खरा दोष सापडला. कातळ्या लंगडतो. डावा मागचा पाय किंचित ओढतो, वळताना आधी उजव्यावर भार घेतो. मी ते यादीत लिहिलं आणि हालचाली बनवणाऱ्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली, शक्यच नाही, चारही पाय एकाच साच्याचे आहेत. तिच्या मशीनवर कातळ्या व्यवस्थित चालत होता. माझ्यावरचा बघून ती हरखलीच. बराच वेळ खाली बसून बघत राहिली. जन्मात मला अशी चाल जमली नसती, हा दोष काढू नका, म्हणाली.

मला काही ते आवडलं नाही. ती चाल मी ओळखते. एकोणीस वर्षं तिच्या मागेपुढे चालतेय.

बुधवार, १२ मार्च

कसं लिहू कळत नाही. संध्याकाळी घरी आले तर भिंगरी जिन्यात भेटली. दोन पायऱ्या एकदम टाकत खाली येत होती. दोन्ही पाय सारखे. मला बघून थांबली आणि एवढं बघतेस काय, म्हणाली. तिला काही विशेष वाटतच नव्हतं. दोन दिवस झाले, दुखत नाही, ओढला जात नाही, बस. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर उडवून लावलं.

मी बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडले. कारण या वहीत तरी खरं लिहायला हवं. तो पाय माझ्यामुळे गेला. मी चौदाची होते, ती सहाची. सायकलच्या मागे तिला बसवून उतारावर दोन्ही हात सोडले होते, मैत्रिणींना दाखवायला. तिची टाच चाकाच्या तारांत गेली. आईला मी सांगितलं, ब्रेक लागला नाही. भिंगरीला खरं माहीत होतं. सहा वर्षांची पोर, घोटा मोडलेला, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. कधीच नाही. ना आईपाशी, ना माझ्यापाशी.

आज छातीवरचा दगड उतरला. आज मी शांत झोपणार.

शुक्रवार, १४ मार्च

खेळात प्रत्येक प्राण्याचं एक कार्ड असतं. त्यावर त्याची माहिती दोन ओळींत. कातळ्याच्या कार्डावर होतं, "लाखो वर्षांपूर्वी खडकाळ किनाऱ्यावर राही. पाठीचा खडक ढालीसारखा वापरतो." आज तेविसाव्या उठवणीनंतर तिसरी ओळ दिसली. "डावा पाय जपून टाकतो." आणि तिच्या खाली, "दुधावरची साय दिसली तर पेला लोटून देतो."

मजकूर लिहिणाऱ्याने कानावर हात ठेवले. त्याने मूळ फाईल उघडून दाखवली. दोनच ओळी.

भिंगरीला साय बघून ओकारी येते. आज सकाळी तिने माझ्यासमोर दूध प्यायलं. सायीसकट. बोटाने काठावरची पुसून खाल्ली.

मंगळवार, १८ मार्च

मी मूर्ख नाही. हे इथे लिहिते, म्हणजे नंतर मलाच पळवाट नको.

काल अडतिसाव्या उठवणीनंतर कार्डावर आलं, "त्याला एक गोष्ट माहीत आहे. ती तो कुणाला सांगणार नाही."

मी ऑफिसातून घरी गेले आणि सरळ विचारलं. भिंगरे, तुला आपली सायकल आठवते का? कुठली सायकल, म्हणाली. तो उतार? कुठला उतार? मी तिचा चेहरा निरखत होते. ती लपवत नव्हती. तिथे काही उरलंच नव्हतं. पाय कशाने दुखायचा म्हटलं, तर म्हणाली, माझा पाय कधी दुखायचा?

आणि मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. एकोणीस वर्षं जिच्यासमोर मी मनातून मान खाली घालून वावरले, तिला आता काहीच माहीत नव्हतं. काय होतंय ते मला कळलं होतं. तरी आज सकाळी मी कामावर गेले आणि कातळ्याला आणखी नऊ वेळा हरवलं, नऊ वेळा उठवलं. काम आहे, म्हणून स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला वाटत होतं, जाऊ दे सगळं, मुळापासून जाऊ दे.

कातळ्या आज उठला तेव्हा त्याने शेजारच्या प्राण्याची नक्कल केली. मान वाकडी करून, अगदी हुबेहूब. आजूबाजूचे टेस्टर खो-खो हसले.

गुरुवार, २० मार्च

भिंगरी आता नकला करत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई परवा कपड्यांची पिशवी घेऊन आल्या, त्या गेल्यावर त्यांचं ते कंबरेवर हात ठेवून बोलणं हिने करून दाखवायलाच हवं होतं. ती नुसती दाराकडे बघत बसली. जेवताना मी मुद्दाम भांडण उकरून काढलं, तिच्या शिवणीला नावं ठेवली. हो, म्हणाली. बरोबर आहे तुझं.

भिंगरी मला म्हणाली, बरोबर आहे तुझं.

तिच्या हाताला हात लावला तर गार. आणि जड. उचलून बघितला, मांडीवर ठेवला, तर फरशीच ठेवल्यासारखा वाटला. डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा आहे, झोपू दे, म्हणाले.

एकसष्टावर मी थांबवलंय. कातळ्या उभा आहे, हरलेला नाही. मी आता त्याला लढाईत उतरवणार नाही. उद्या रजा टाकते.

सोमवार, २४ मार्च

शुक्रवारची रजा मला भोवली.

आमच्याकडे पद्धत आहे. जी फाईल सगळ्यांत पुढे गेलेली, ती सगळ्यांच्या मशीनवर उतरवायची, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा खणत बसायला नको. सगळ्यांत पुढे माझी होती. आज सकाळी खोलीत शिरले तर आठही पडद्यांवर भिंगरी. आठ ठिकाणी मार खातेय. आठ ठिकाणी दगड होतेय, उठतेय, पाय ओढत परत रांगेत उभी राहतेय. कुणीतरी दुरूनच हाक मारून म्हणालं, ताई, तुमची भिंगरी भारी आहे, हरताना डोळे मिटून घेते.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आजोबांनी मला पाणी दिलं, बाहेर जिन्यात नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही देव जाणे. पण हसले नाहीत. तुम्ही सांगाल तसं करू, म्हणाले.

घरी भिंगरी सकाळी बसवली होती तिथेच. मशीनवर पाय तसाच, हातात कापड तसंच. सुई बोटातून आरपार गेली होती. रक्त नव्हतं.

मंगळवार, २५ मार्च

विचार केला होता, जे घेतलंय ते सोडलं तर परत येईल. खेळात प्राण्याला मोकळं सोडता येतं. आधी एकाच मशीनवर करून बघायचं ठरलं. खालच्या बाईंना भिंगरीपाशी बसवलं आणि फोन चालू ठेवला. आजोबांनी त्यांच्या मशीनवर बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, "भिंगरीला कायमचं सोडायचं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

कातळ्या पाय ओढत पडद्याच्या कडेपर्यंत गेला. एकदा मागे वळला. गेला.

फोनवर बाई म्हणाल्या, अहो, ही मघापर्यंत ताई ताई पुटपुटत होती हो, आता थांबली.

परत काही आलं नाही. जे गेलं ते गेलं. उरलेल्या सातही मशीनवरच्या कार्डांवरून एक ओळ नाहीशी झाली. ती कोणती होती ते मला माहीत आहे, कारण मी सगळ्या उतरवून घेतल्यात. "त्याला एक ताई आहे. ती आली की तो उड्या मारतो."

पुसायचं नाही आता. काहीही झालं तरी पुसायचं नाही. जी आहे ती तिथेच आहे. घरी खिडकीपाशी नुसता श्वास आहे.

बुधवार, २६ मार्च

मोठ्या साहेबांनी बैठक घेतली. हालचालवाल्या मुलीने त्यांना चित्रफीत दाखवली होती, भिंगरी चालतानाची. साहेब भारावून गेले. असा जिवंत प्राणी आपण आजवर बनवला नाही, म्हणाले. बाजारात आल्याच्या पहिल्या दिवशी खेळ घेणाऱ्या प्रत्येकाला हीच फाईल भेट द्यायची. हाच कातळ्या, याच नावाचा. टाळ्या वाजल्या.

मी उभी राहून नाही म्हणाले. कारण विचारलं. सांगितलं. साहेबांनी फार मऊ आवाजात मला सुट्टी घ्यायला सुचवलं.

हजारो माणसं. लाखसुद्धा असतील. प्रत्येकाच्या हातात एक. हरवतील, उठवतील, कंटाळले की सोडून देतील. आणि खेळात लढाई दोन प्राण्यांची असते, पुढे एक आणि मागे एक. मार पुढच्याने खायचा. फाईलमध्ये ती एकटीच आहे, म्हणून कायम पुढेच.

बैठकीनंतर तिच्या कार्डावर नवी ओळ होती. "लढाईआधी मागे वळून बघतो. मागे कुणी नसतं."

गुरुवार, २७ मार्च

भेटीची फाईल उद्या दुपारी बंद होणार, नंतर तिच्यात बदल नाही. शेवटची सही टेस्टरची, म्हणजे माझी. सुट्टीवर जा म्हणाले, पण सही लागतेच. आजोबांनी मध्ये पडून माझी जागा एक दिवस राखली.

सकाळी भिंगरीच्याच फाईलमध्ये खाणीत खणलं. दोन दगड मिळाले. यंत्रात ठेवले. नाव विचारलं.

ताई.

"दगडात नसलेला भाग नावावरून भरत आहे." पहिल्या वेळी काहीच जाणवलं नाही. दहाव्या वेळी माझ्या कातळ्याने पडद्यावरच्या दगडांची रांग नीट लावली, लहानमोठे असे. मी घरी चपलांची तशी लावते. आज मी चपला कुठेतरी काढल्या आणि तशीच आत आले. आजोबांनी दाखवलं तेव्हा कळलं.

आजोबांनी विचारलं, काय करताय. लपवलं नाही. ते बराच वेळ उशीशी चाळा करत राहिले. मग माझ्या मशीनचा पडदा दुसऱ्यांना दिसणार नाही असा वळवून दिला आणि स्वतः आड बसले. अर्धीमुर्धी गेले तर काही उपयोग नाही. सगळीच जायला हवी. पुढे उभं राहायचा जोर येईल तो तेव्हाच. अठ्ठेचाळीस झाल्यात.

घरी भिंगरीजवळ बसले. तिला उचलून कॉटवर ठेवायचं होतं, पण उचलली गेली नाही. शाल पांघरली. तिला सांगितलं, उद्यापासून तू मागे. तिने ऐकलं असं नाही. पण सांगितलं.

शुक्रवार, २८ मार्च. सकाळ

दार उघडंच ठेवून आले. खालच्या बाईंना चिठ्ठी लिहिली. त्यांचं नाव आठवेना. खालच्या बाई असंच लिहिलं.

पंचावन्न.

ताईच्या कार्डावर आलंय. "दुसऱ्यांच्या चुका लगेच दिसतात." हसू यायला हवं होतं ना.

अकरा वाजता

बहात्तर. बोटं जड झालीत. आजोबा बटण दाबतात, मी नुसतं हो म्हणते. ते रडतायत. का ते विचारलं. त्यांनी डोळे पुसून पुढचं बटण दाबलं.

कार्डावर लिहिलंय, "उतारावर दोन्ही हात सोडले. ब्रेकला काही झालं नव्हतं." हे छापलं जाणार. सगळ्यांना दिसणार. आजोबांनी विचारलं, राहू द्यायचं का? राहू द्या. पण कुठला उतार? सायकल कुणाची? आजोबा मागची पानं वाचायला सांगतात. वाचली. दुसऱ्या कुणाची तरी वही वाटते. ती बाई एवढी रडायची का—

साडेबारा

एक्याण्णव.

उजेड आहे की नाही कळत नाही. हात गार. पेन दोन्ही हातांनी—

पडद्यावर दोन प्राणी आहेत. एक पुढे. पाठ मोठी आहे त्याची. दुसरा लहान, पाय ओढतो. लहान पुढे येतोय. मोठा त्याला मागे सारतो. पुन्हा येतो. पुन्हा सारतो. कुणी बटण दाबलेलं नाही, आजोबा म्हणतात.

लहानाचं कार्ड वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचलं. "लढाईआधी बघतो." एवढंच. बाकीचं गेलं. आता तो मागे नाही, पुढे बघतो. पुढच्याच्या पाठीकडे.

बरं वाटलं. का ते—

सही केली. आजोबांनी हात धरून करवली.

एक वाजायला

अठ्ठ्याण्णव

नव्व्याण्णव. शब्द थोडे राहिलेत, जपून

पुढे राहायचं. हलायचं नाही. मार आला तरी. हे पक्कं. हे कुणी घेऊ नका

मागे कुणीतरी आहे. लहान आहे. नाव होतं. गरगर फिरणारं काहीतरी— नाही येत

आजोबा, दाबा

मागे जी आहे तिला कुणी हात लाव